कार्डातला मागचा माणूस

परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षकाला करण्यासारखं काहीही नसतं, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. उत्तरपत्रिका वाटल्या, सह्या केल्या, की उरलेला वेळ नुसतं बघायचं. वाचायचं नाही, बोलायचं नाही, मोबाइल तर ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद. दर मार्चला मी अशी बघत उभी असते. कुंपणापलीकडे कोणाच्या तरी कलमांवर फवारणी चाललेली असते; त्या औषधाचा उग्र वास आणि काजूच्या बोंडांचा आंबूस वास एकमेकांत मिसळून आत येतो. ऊन चढलं की खारा वारा सुटतो आणि पुरवण्या उडायला लागतात. मुलं कोपराने कागद दाबून धरतात आणि लिहीत राहतात.

पहिल्या बाकांकडे माझं लक्षच जात नाही. नजर आपोआप मागे जाऊन बसते. कोण पेन चावतंय, कोण छताकडे बघतंय, कोणाचं पोट दुखतंय आणि तो सांगत नाहीये, हे मला पुढच्या डोक्यांच्या फटीतून दिसतं. आमच्या शाळेत म्हणतात, स्वप्नामॅडमच्या वर्गात कॉपी होत नाही, बाईंना मागचं दिसतं. म्हणू देत. खरं कारण सांगितलं तर हसतील. मागचं बघायची सवय मला बास्केटबॉलने लावली, आणि मी जन्मात कधी बास्केटबॉल खेळलेले नाही.

आमचे बाबा कुवेतला पाण्याचा टँकर चालवायचे. मांडवीच्या मागच्या अंगाला आमची गल्ली, आणि त्या गल्लीत तेव्हा घरटी एक माणूस तरी ‘बाहेर’ असायचा. बाहेर म्हणजे मुंबई नव्हे. मुंबई आम्ही घरातच धरायचो. बाबांच्या खोलीत पाच-सहा जण दाटीवाटीने राहायचे. त्यांतला एक आमच्या शेजारच्या जुबेदाखालाचा मुलगा राशिद, आणि एक रॉनी नावाचा फिलिपिनो. हा रॉनी बास्केटबॉलवेडा. त्याच्याकडे खेळाडूंची रंगीत कार्डं होती, गुळगुळीत, खिशात मावतील एवढी. त्यातली डबल आलेली किंवा कोपरे दुमडलेली तो बाबांना द्यायचा, ‘बेबीसाठी’ म्हणून. बेबी म्हणजे मी. अठ्ठ्याण्णव साली बाबा रजेवर आले तेव्हा सुंभाने आवळलेल्या त्या भल्यामोठ्या खोक्यातून साबणाच्या वड्या, टँगचे डबे आणि आईसाठी सहावारी कापड निघालं, आणि तळाशी एका मोज्यात गुंडाळलेली कार्डं.

मी एकेक बघून बाजूला ठेवली. घामाघूम झालेले अनोळखी उंच पुरुष, करायचं काय त्यांचं? मला टँगमध्ये जास्त रस होता. बाबा ओटीवर उकिडवे बसले आणि एक कार्ड माझ्या नाकासमोर धरलं.

“पुडचा बगू नको गो. मागं बग.”

पुढे एक दाढीवाला चेंडू घेऊन उडी मारत होता. मागे, त्याच्या काखेच्या खालून, एक गुळगुळीत टक्कल चमकत होतं.

त्या वेळी जगातला सगळ्यात गाजलेला खेळाडू तो. त्याचं खरं नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण आमच्या घरात ते कधी कोणी उच्चारलंच नाही. तो टकलू होता. त्याची स्वतःची कार्डं रॉनी उशीच्या अभ्र्यात ठेवायचा आणि कोणाला हातही लावू द्यायचा नाही. पण दुसऱ्याच कोणाच्या तरी कार्डावर फोटो काढणाऱ्याच्या नकळत टकलू मागे येऊन गेलेला असायचा. कधी अर्धा, कधी पाठमोरा, कधी नुसता गुडघा आणि बूट. ही कार्डं रॉनीच्या लेखी साधी, आणि आमच्या लेखी लाखमोलाची. फुकटात परमेश्वर, असं बाबा म्हणायचे.

मग आम्हाला वेडच लागलं. आम्हाला म्हणजे मला आणि नसीमला. नसीम खालाची धाकटी मुलगी, माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. दोन घरांच्या मध्ये चिऱ्याचा गडगा होता, कमरेएवढा; त्याच्यावर कार्डं पसरून आम्ही तासन् तास ‘मागचा’ शोधायचो. नियम मीच केले होते, कारण मी पहिल्यापासून चिकित्सक, किंवा नसीमच्या भाषेत ‘किटकिटी’. दोघींनी मान्य केल्याशिवाय तो ‘मागचा’ नाही. नुसतं टक्कल चालणार नाही, टकले पुष्कळ असतात. मोजा बघायचा, हातावरची पट्टी बघायची, उभं राहायची ढब बघायची. चेंडू दुसऱ्याकडे असला की हा दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून किंचित वाकून उभा असायचा आणि चेंडूवाल्याकडे अशा नजरेने बघायचा, की आता त्याचं जे काही होईल ते आपलंच होणार आहे. त्याच्या स्वतःच्या कार्डांवर तो कसा दिसतो ते मी पुष्कळ वर्षांनी पाहिलं. हवेत, एकटा, मागे नुसता अंधार. मला तो ओळखीचाच वाटला नाही. आमचा टकलू जमिनीवर होता आणि दुसऱ्याचं बघत होता.

आई त्या कार्डांना पत्ते म्हणायची. “चांगल्या घरच्या पोरी, गडग्यावर पत्ते मांडून बसतंव! उद्या कोन तरी इचारील, जुगाराचा क्लास काडलाव काय?” खाला पलीकडून ओरडायची, “खेलूं दे गो शालू, घोव मिळाले की खेल संपतलाच.” दोघींचं असं सदान्कदा चालायचं. आई तिला भाबी म्हणायची, ती आईला शालू. वाटीभर डाळ, चमचाभर मोहरी, विरजण, सुई-दोरा, गडग्यावरून दिवसभर काही ना काही इकडून तिकडे जात असायचं. भांडायच्याही कडकडून. एकदा आमच्या फणसाची मुळं त्यांच्या न्हाणीच्या भिंतीत शिरली म्हणून महिनाभर अबोला होता, आणि त्या महिन्यातही विरजण थांबलं नव्हतं. ते नसीम आणि मी पोचवायचो.

एका कार्डावरून आमचं दोघींचं मात्र कधीच एकमत झालं नाही. पुढे एक गोरा खेळाडू बुटाची नाडी बांधत बसलाय, आणि अगदी कडेला, कापल्यासारखा, कोणाचा तरी एक खांदा आणि एक कान. नसीम म्हणायची, तोच आहे. मी म्हणायचे, पुरावा काय? ती म्हणायची, पुरावा कशाला, बघितल्यावर कळतं. मी म्हणायचे, कळत नाही, तुला हवा आहे म्हणून दिसतो. ते कार्ड आजही निर्णयाविना पडून आहे. माझ्या भाच्याने मध्यंतरी इंटरनेटवर शोधून निकाल लावायची तयारी दाखवली होती. मी त्याला हाकलून दिला. प्रत्येक गोष्टीचा निकाल लागलाच पाहिजे असं थोडंच आहे? पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी अशी नव्हते.

आता त्या मार्चकडे येते. नाही म्हटलं तरी इतका वेळ टाळतच होते.

दोन हजार तीन. आमचं दहावीचं वर्ष. तिकडे लढाई होणार होणार असं थंडीपासूनच चाललं होतं, पण आमच्या गल्लीने ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. आखातात काहीतरी होणार हे आम्ही पावसाच्या अंदाजासारखं ऐकायचो. मग ऐन परीक्षेत ती खरोखरच सुरू झाली, कुवेतच्या शेजारी, आणि एक-दोन क्षेपणास्त्रं कुवेतच्या दिशेनेही आली असं टीव्हीवर सांगायला लागले. भोंगे वाजतायत, माणसं नाकाला मुखवटे लावून पळतायत. गल्लीतल्या बायका ज्या दिवशी पहिल्यांदा ते बघत होत्या, त्या दिवशी कोणाच्या घरात मासळी शिजली नाही. बाजारातून आणलेली तशीच ठेवून सगळ्या खालाच्या पडवीत येऊन बसल्या, कारण फोन खालाकडे होता.

त्या फोनबद्दल सांगायला हवं. तो खालाच्या माजघरात कोनाड्यात असायचा, वर क्रोशाचा रुमाल. तिकडून फोन करणं महाग, म्हणून राशिद आणि बाबांनी एक पद्धत पाडली होती. जुम्म्याच्या नमाजानंतर रिंग द्यायची. एक रिंग वाजून थांबली तर राशिद सुखरूप. दोन वाजून थांबल्या तर बाबा सुखरूप. कोणी उचलायचा नाही. तिसरी वाजली तर मात्र उचलायचा. तिसरी म्हणजे दुसराच कोणी, किंवा काहीतरी बोलण्यासारखं आहे. आखातात माणूस असलेल्या किती घरांनी अशा खुणा ठरवल्या असतील कोण जाणे. शुक्रवारी दुपारी फोन वाजायला लागला की खालाच्या घरातली माणसं हातातलं काम हातात धरून थांबायची. पहिली. दुसरी. गप्प. मग आई हसायची आणि भांडी पुन्हा वाजायला लागायची. नवऱ्याचा आवाज न ऐकता त्याच्याशी दर आठवड्याला बोलणारी बाई मी पाहिलेली आहे.

लढाई सुरू झाली आणि रिंगा थांबल्या. पहिल्या शुक्रवारी फोन वाजलाच नाही. ना एक, ना दोन. लाइनी बिघडल्या असतील असं सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी कळलं की पलीकडच्या आळीत एकाचा फोन आला होता. म्हणजे लाइनी चालू होत्या.

आईचं जेवण सुटलं. मुद्दाम उपास वगैरे नव्हे. ताटावर बसायची, भात कालवायची आणि बोटं तशीच ठेवून टीव्हीकडे बघत राहायची. बातमीदार कॅमेऱ्यासमोर उभा राहून बोलत असायचा. आईला त्याचं हिंदी अर्धंच कळायचं. आणि मग एके संध्याकाळी ती मला म्हणाली, “स्वप्ना, तुज्या पत्त्यातला मागचा तुला बरोबर दिसता नाय? हय बस. ह्येच्या मागं बग.”

मी अभ्यास टाकून आईच्या शेजारी बसले. बातमीदाराच्या मागे एक रस्ता होता. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. जीप, ट्रक, पुन्हा जीप. मी डोळे फाडून बघत होते. “तो बग, टँकर!” आई ओरडली. टँकरच होता. दोन क्षण दिसला आणि गेला. चालवणाऱ्याचं नुसतं कोपर, खिडकीबाहेर काढलेलं. आई माझ्याकडे बघत राहिली. निकाल माझ्याकडून हवा होता तिला.

मी म्हटलं, “सांगता येत नाही.”

खरं होतं ते. कोपरावरून कसं सांगता येणार? पण आईचा चेहरा असा झाला, की तेव्हापासून मला ‘सांगता येत नाही’ हे शब्द नकोसे झाले आहेत. आजही एखाद्या मुलाची आई विचारते, “पास होईल ना हो बाई?” तेव्हा ते जिभेवर येतात आणि मी गिळून टाकते. त्या संध्याकाळनंतर आई रोज बघायची, प्रत्येक बातमीत, प्रत्येक वाहिनीवर, मागे, कडेला, खांद्यांच्या फटीतून. दिवस दिवस. एका सकाळी विहिरीवर कळशी ओढता ओढता ती खाली बसली ती तिला उठवेना. खालाने आणि मी तिला धरून आत आणलं. खाला तिच्या पायांना तेल चोळत होती आणि सारखी सारखी एकच शिवी देत होती, कोणाला ते कळत नव्हतं.

त्यानंतरची एक दुपार. वार कोणता होता ते आठवत नाही, शुक्रवार नव्हता एवढं नक्की. दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर होता. मी आणि नसीम खालाच्या माजघरात पुस्तकं उघडी टाकून बसलो होतो, आणि पुस्तकावर कार्डं. प्रमेयांऐवजी आम्ही तीच लावत बसलो होतो, न बोलता. हातांना काहीतरी हवं होतं. खाला उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होती. आई गडग्यापलीकडे, आमच्या खळ्यात, मिरच्या वाळत घालत होती.

फोन वाजला.

एकदाच. आणि थांबला.

खालाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. नसीमने दोन्ही हात तोंडावर धरले. एक रिंग म्हणजे राशिद. नसीमचे डोळे भरून आले, खाला काहीतरी पुटपुटली, पदर डोळ्यांना लावला, आणि एवढ्यात पुन्हा वाजला. पुन्हा एकदाच. पहिली लागली की नाही याची खात्री नव्हती म्हणून त्याने दुसऱ्यांदा दिली असणार, हे मलाही लगेच कळलं. दोन्हींच्या मध्ये एवढा वेळ गेला होता, की नसीमने त्यात नाक पुसून घेतलं होतं.

पण गडग्यापलीकडे एक मिरच्या चाळवणारी बाई होती, आणि तिने आपल्या मनात वाजणं मोजलं होतं.

आई गडगा ओलांडून आली. फाटकातून नाही, साडी वर धरून, कशी तरी, चिऱ्यावर गुडघा खरचटत. दारात उभी राहिली. तिचे हात मिरच्यांनी लाल झाले होते आणि ते तिने पुढे धरले होते, काही झेलायला धरतात तसे.

“भाबी, दोन?”

मी तोंड उघडलं. मी किटकिटी. पुराव्याशिवाय काहीही मान्य न करणारी. ‘एकेक’ हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता. नसीमने माझी मांडी अशी दाबली की तिची नखं उठली. मी खालाकडे बघितलं.

खाला आईकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर मघाचं पाणी अजून सुकलेलं नव्हतं.

“दोन गो,” खाला म्हणाली. “तुजाच तो. जा, आंगोळ कर नि जेव आदी.”

आई तिथेच खाली बसली आणि रडली, हसली, मिरचीचा हात डोळ्याला लावून आणखी रडली. खालाने तिला उठवून पाण्याने डोळे धुवायला लावले. मग आईने ज्या गोष्टीची मला भीती वाटत होती ती विचारली.

“आनि राशिद?”

“येल त्याची पन,” खाला म्हणाली. “आज ना उद्या.”

आमच्या गल्लीत एक रीत होती. बाहेरच्या माणसाची खुशाली खूप दिवसांनी आली की त्या घरातून गल्लीभर साखर फिरायची. आई त्या संध्याकाळी न्हाली, केस विंचरले, भात-आमटीवर आडवा हात मारला आणि वाटीत साखर घेऊन घरोघर गेली. दर घरी सांगत, “आमच्यांची रिंग आली.” खालाच्या घरी ती शेवटी गेली, आणि तिच्या हातावर साखर ठेवताना आईला अपराध्यासारखं झालं. “भाबी, तुजी येतलीच गो,” ती म्हणाली. आणि खालाने, मुलाची खुशाली पदरात बांधून बसलेल्या त्या बाईने, ती साखर मुलाच्या काळजीत पडलेल्या आईच्या चेहऱ्याने तोंडात टाकली.

त्यानंतरचे दिवस मला अजूनही नीट सांगता येत नाहीत. आईने टीव्ही बघणं सोडलं. खुशाली आली होती, मग बघायचं कशाला? ती गुणगुणत दळण काढायची, पेपरला जाताना माझ्या हातावर दही ठेवायची. आणि आता टीव्हीसमोर मी बसायला लागले. टँकर दिसला की मी पुढे सरकून खिडकीतलं कोपर शोधायचे. आई म्हणायची, “आता काय बगतंस? बाबांचा कळला नाय काय?” मी म्हणायचे, “अशीच.” भूमितीच्या पेपरात मी एका प्रमेयाची सिद्धता निम्मी लिहून सोडून दिली. पक्ष, साध्य, सिद्धता. खाली ‘हेच सिद्ध करायचे होते’ असं लिहायचा हात मला झाला नाही.

आणि पलीकडे खालाचं घर सुतकासारखं झालं होतं. नात्यातल्या बायका यायच्या, खालाच्या गळ्यात पडून रडायच्या. तिची बहीण पूर्णगडाहून आली आणि मुक्काम ठोकून राहिली, दिवसभर राशिदच्या लहानपणीच्या गोष्टी सांगून डोळे पुसायची. खालाने तिलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गडगा फक्त कमरेएवढा होता, आणि राशिदच्या रिंगा येतात मग बाबांच्या का नाहीत, हे आईने विचारलंच असतं. राशिद बिचारा अधूनमधून रिंग देत असेल, ती आईला ऐकू जाऊ नये म्हणून खालाने फोन कोनाड्यातून काढून गोधडीच्या घडीत ठेवला होता. नसीम त्या गोधडीला टेकून अभ्यासाला बसायची. पाठीला गुदगुली झाली की तिला कळायचं, भाऊ जिवंत आहे. मला ती शाळेच्या वाटेवर सांगायची, “आज आला.” आणि मग लगेच, घाईने, “तुमचा पण येल गं.” मी तिच्याशी नीट बोलत नव्हते त्या दिवसांत. तिच्याकडे होतं ते माझ्याकडे नव्हतं, आणि माझ्याकडे नव्हतं म्हणून तिला ते लपवावं लागत होतं. दोघींनाही त्याचा राग होता आणि राग काढायला जागा नव्हती.

एकदाच मी खालाला एकटी गाठली. ती न्हाणीपाशी नमाजाआधी हातपाय धूत होती. मी विचारलं, “खाला, बाबांचं काही झालं असलं तर?”

तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “मी रोज त्याच्यासाटीच मागतंय गो. माज्या पोराचा मागायचा झाला. आता सगळा तुज्या बापसासाटीच.” मग माझ्या डोक्यावर ओला हात ठेवून म्हणाली, “तू नुसती तोंड बंद ठेव. येवडा जमला की पास.”

पेपर संपले. कैऱ्यांचे घड खाली लोंबायला लागले, पहिली पेटी कोणाकोणाच्या घरून मुंबईला गेली. टीव्हीवर लढाई आता दुसरीकडे सरकली होती. रिंग नव्हती, फोन नव्हता. आई आता म्हणायची, “कामात असतील, एकदा कळला ना, बस झाला.” आणि मी मान हलवायचे.

आणि एका सकाळी, दूधवाल्याच्या मागोमाग, बाबा गल्लीत शिरले.

चालत. हातात एकच पिशवी, सुंभाने बांधलेलं खोकं नाही, काही नाही. दाढी वाढलेली, चेहरा काळवंडलेला. मी खळ्यात उभी होते आणि मला ते ओळखू आले नाहीत, ही गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही. ते जवळ येऊन म्हणाले, “काय गो, पेपर कसे गेले?” तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून आई बाहेर आली.

आई रडली नाही. दोन रिंगांच्या दिवशीच तिचं रडून झालं होतं. तिने त्यांना पाय धुवायला पाणी दिलं, चहाचं आधण ठेवलं, आणि सरळ सरळ रागावली. “नंतर एक रिंग द्यायला काय झालावता? त्या दिवशी दोन दिल्याव त्यावर मी ह्यवढे दिवस काडले!”

बाबा टॉवेलने तोंड पुसत होते. “कसल्या रिंगा?”

“दोन. लढाई लागल्यावर. दुपारच्या.”

“नाय गो,” बाबा म्हणाले. “आमाला गाड्या घेऊन रानात नेऊन टाकलाव्हता, वाळूत. पानी पोचवायचा नि थयच झोपायचा. फोन कुटला थय? सुटलो नि सरळ विमानात बसलो. राशिद शारात रवलेला, त्याचा बरा होता. तो देयत असेल.”

चहा उतू गेला. आईने तो बघितला नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी खाली बघितलं आणि तेवढ्यात तिला सगळं कळलं असणार, कारण तिने हातातली सांडशी खाली ठेवली आणि ती बाहेर पडली. फाटकाने नाही. गडग्यावरून.

मी मागोमाग गेले. खाला मागीलदारी कोंबड्यांना दाणे टाकत होती. आईला तशी येताना बघून ती समजली.

“आला?” तिने विचारलं.

“आला,” आई म्हणाली. आणि मग इतक्या मोठ्याने की कोंबड्या पांगल्या, “भाबी, आनि नसताच आला तर? तर काय केलं असतंस तू?”

खालाने उरलेले दाणे टाकून दिले, हात झटकले.

“तर दोगी मिळून रडलो असतो,” ती म्हणाली. “आदीपासून तुला एकटीला रडवून काय मिळनार होता माका?”

  मग खालाच तिला वळवत म्हणाली, “जा गो, त्याला चा दी आदी.”

आई घरी आली. बाबा पाटावर बसून चहाची वाट बघत होते. तिने त्यांच्याकडे न बघता फडताळातून साखरेचा डबा काढला, वाटी शिगोशीग भरली आणि पुन्हा बाहेर पडली. मला वाटलं, बाबांची साखर. मी मागे गेले.

पहिल्या घरची काकू ओटी सारवत होती. आईने तिच्या तळहातावर साखर ठेवली.

“राशिद सुखरूप हाय,” आई म्हणाली.

“अल्ला पावला म्हनायचा! आज कळला?”

“जुबेदाभाबीला तवाच कळलावता,” आई म्हणाली. “माका आज कळला.”

आणि ती पुढच्या घराकडे वळली.